लाईट-पाणी धरून भाड्याचं घर: बेळगाव सीमाभागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी आणि बेळगावच्या कडेच्या वस्त्यांत भाड्याने घर शोधणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मालक खाली राहतात, वरचा मजला किंवा मागची खोली भाड्याने देतात, आणि भाडं 'लाईट-पाणी धरून' सांगतात. मराठीत भाड्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईचं असतं. तिथला कायदा वेगळा आणि वीज कंपनीही वेगळी, त्यामुळे ते वाचून इथे आलेला माणूस हमखास गोंधळतो.

१. 'लाईट-पाणी धरून' म्हणजे नेमकं काय काय धरलेलं असतं?

मालकाच्या मनात जे असेल ते. याची कुठे ठरलेली व्याख्या नाही. साधारणपणे वीज, नळाचं पाणी, बोअरच्या मोटरचा खर्च आणि जिन्यातला दिवा एवढं धरलेलं असतं. घरपट्टी मालकाचीच असते, ती वेगळी मागितली तर देऊ नका. गॅस कधीच धरलेला नसतो, सिलिंडर तुमचा तुम्ही आणायचा. वायफाय मालकाचंच वापरायला मिळालं तर चांगलंच, पण ती मेहेरबानी समजायची.

खरी अडचण विजेची. 'लाईट धरून' म्हणताना मालकाच्या डोळ्यासमोर दोन दिवे, दोन पंखे आणि टीव्ही असतो. तुमच्या सामानात गिझर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन असतं. म्हणून घर बघायला जाल तेव्हाच कोणती यंत्रं आणणार ते सांगून टाका. पहिल्या महिन्याच्या बिलानंतर जिन्यात उभं राहून हाच विषय बोलणं फार अवघड जातं.

२. असं एकत्र भाडं परवडतं, की वेगळं मीटर असलेलं घर बरं?

वेगळं मीटर मिळत असेल तर तेच घ्या, भाडं थोडं जास्त असलं तरी. कारण कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना, जिची सवलत एका मीटरला महिन्याला २०० युनिटपर्यंतच मिळते (प्रश्न ३). वेगळं मीटर नसेल तर आपला वापर किती ते आधी मोजा. नवरा-बायको आणि एक लहान मूल अशा घराचा महिन्याचा ढोबळ हिशेब असा: फ्रिज ३० युनिट, दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर ३० युनिट, दोन पंखे रोज दहा तास ४५ युनिट, दिवे-टीव्ही-मोबाईल २० युनिट, मिक्सर-इस्त्री-वॉशिंग मशीन १० युनिट. झाले १३५. रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर केला, म्हणजे दोन किलोवॅटची शेगडी रोज तासभर चालली, तर आणखी ६० युनिट. बेरीज १९५ वर जाते आणि २०० ची वेस जवळ येते.

याउलट एकटा माणूस, सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा आणि गिझर न वापरणारा, त्याचे ५० युनिटही होत नाहीत. त्याने लाईटपोटी दरमहा हजार रुपये जादा भाडं देणं म्हणजे मालकाच्या फ्रिजचं बिल भरणं. छतावर सोलर असेल आणि त्याचं गरम पाणी तुमच्या नळालाही येत असेल, तर मात्र एकत्र भाडं फायद्याचं पडू शकतं. फक्त पावसाळ्यात सोलर चालत नाही. खानापूरच्या पावसात तर ऊन कधी पडेल सांगता येत नाही. त्या महिन्यांत बंब पेटवायचा की गिझर लावायचा, हे विचारून ठेवा.

३. सरकारकडून २०० युनिट फुकट आहेत ना? मग मालक लाईटचे पैसे कसे घेतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना १ जुलै २०२३ पासून सुरू झाली. तिच्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की प्रत्येक घराला सरसकट २०० युनिट मोफत. तसं नाही. त्या मीटरवर २०२२-२३ या वर्षात महिन्याला सरासरी जेवढा वापर झाला तेवढा, आणि वर थोडी वाढ (सुरुवातीला १० टक्के), असा त्या मीटरचा मोफत कोटा ठरतो. २०० ही त्याची कमाल मर्यादा.

समजा कोटा ९० युनिटचा आहे. वापर ८५ झाला तर बिल शून्य. १२० झाला तर वरच्या ३० युनिटचे पैसे भरायचे. आणि २०१ झाला तर? मग सवलत पूर्ण जाते, अख्ख्या २०१ युनिटचं बिल येतं.

आता एकाच मीटरवर मालकाचं बिऱ्हाड आणि तुमचं बिऱ्हाड आलं की काय होतं ते बघा. मालकांचे १२०, तुमचे ९०, मिळून २१०. दोन वेगळी मीटरं असती तर दोघांचंही बिल शून्य किंवा अगदी थोडं आलं असतं. एका मीटरमुळे दोघांचीही सवलत गेली. म्हणून काही मालक लाईटचे पैसे मागतात तेव्हा ते लुबाडतच असतात असं नाही, तुम्ही आल्यामुळे त्यांचं शून्याचं बिल खरोखरच दोन हजाराच्या घरात गेलेलं असू शकतं. काहींचं मात्र बिल शून्यच येत असतं आणि भाड्यातले लाईटचे पैसेही चालू असतात. दोन्हींतला फरक बिल बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा दर महिन्याला बिलाचा फोटो मागा. मीटर रीडर दारात येऊन जागेवरच बिल काढून देतो, फोटो पाठवायला मालकांना काही कष्ट पडत नाहीत.

४. मीटर मालकाच्या नावावर आहे. भाडेकरूला गृहज्योती मिळते का?

मिळते, पण तुम्ही राहता त्या भागाचं मीटर वेगळं असेल तरच. योजना आधार क्रमांक आणि वीज खातं यांच्या जोडणीवर चालते. एका आधारवर एकच जोडणी. मालकांची दोन-तीन मीटरं असली तरी त्यांना स्वतःच्या आधारवर एकाच मीटरचा लाभ घेता येतो. तुमच्या मजल्याच्या मीटरला तुमचं आधार जोडलं तर त्यांचं काही बिघडत नाही, उलट ते मीटर सवलतीत येतं. हे समजावून सांगितलं की बहुतेक मालक तयार होतात. घर आपल्या हातून जाईल अशी एक धास्ती जुन्या माणसांना असते. तिच्यात तथ्य नाही, गृहज्योतीच्या नोंदीने कुणाला मालकी मिळत नाही.

नोंदणी कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर किंवा ग्रामवन, कर्नाटकवन या सरकारी सेवा केंद्रांत होते. बिलावरचा खाते क्रमांक, तुमचं आधार आणि भाडेकरार लागतो. म्हणूनच तोंडी व्यवहार करू नका (प्रश्न ८). आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं राहिलं असेल तर आधी ते काढावं लागतं. तशी सोय पोर्टलवर आहे, पण ते त्याच्याच आधारवर होतं, तेव्हा त्याचा फोन नंबर मालकांकडून घ्या.

५. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं आहेत. बिल कसं वाटायचं?

सब-मीटर बसवा. इलेक्ट्रिशियन तासा-दोन तासांत बसवून देतो. हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) माणूस तो वाचत नाही, तो तुमच्या आपसातल्या हिशेबासाठी. रीडर येईल त्याच दिवशी सब-मीटरचा फोटो काढा आणि बिलाच्या रकमेला एकूण युनिटने भागून जो दर येईल त्याने आपले युनिट मोजा. स्थिर आकार त्यातच वाटला जातो. कर्नाटकात घरगुती विजेला २०२४ पासून एकच दर आहे, महावितरणासारखे वाढत जाणारे टप्पे नाहीत, म्हणून हा भागाकार इथे न्याय्य ठरतो.

'माणशी वाटू' किंवा 'खोल्यांवर वाटू' या पद्धती पहिले दोन महिने गोड वाटतात. मग कुणाकडे तरी पाहुणे येतात.

६. पाण्याचं काय विचारायचं?

वीज निदान मोजता येते, पाण्याला तोंडच नाही. 'पाणी चोवीस तास आहे' असं सांगितलं की त्याचा अर्थ बहुधा टाकीत पाणी असतं एवढाच असतो. टाकीत ते कुठून येतं, हे विचारा.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येतं. काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना २००८ पासून आहे, बाकीच्या भागांत दिवस ठरलेले असतात आणि उन्हाळ्यात राकसकोपचं पाणी खाली गेलं की मधलं अंतर वाढतं. खानापूरला मलप्रभा गावालगत आहे, पण पावसाळ्यात गढूळ पाण्याची तयारी ठेवावी लागते. निपाणीची मदार जवाहर तलाव आणि वेदगंगेवर.

घर बघताना एवढं विचारा: नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, बोअर आहे का आणि एप्रिल-मेमध्ये तिचं काय होतं, टाकी दोन्ही बिऱ्हाडांची एकच आहे का, मोटरचं बटण कुणाच्या घरात आहे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मालक लग्नाला चार दिवस गावी गेले आणि बटण कुलपाआड राहिलं की त्याचं महत्त्व कळतं. उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे कोण देणार तेही आधीच ठरवा. 'पाणी धरून' यात टँकर येत नाही असं बहुतेक मालक धरून चालतात.

पिण्यासाठी बोअरचं पाणी थेट वापरू नका. बऱ्याच गावांत नाणं टाकून कॅन भरून मिळणारी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, जवळचं कुठे आहे ते बघून ठेवा.

७. डिपॉझिट किती द्यावं?

बेंगळुरूच्या दहा महिन्यांच्या गोष्टी ऐकून घाबरू नका. छोट्या गावांत ते बोलण्यावर ठरतं आणि बरंच कमी होतं. रोख दिलं तर पावती घ्या, जमल्यास फोनवरून किंवा बँकेतूनच द्या. रंगाचे पैसे कापणार का, कापले तर किती, हे आकड्यात लिहून घ्या.

८. करार करायलाच पाहिजे का? पुण्याचा मित्र म्हणतो, नोंदणी सक्तीची आहे.

मित्राचं पुण्यापुरतं बरोबर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तिथे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो. कर्नाटकात ती सक्ती नाही. इथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तरच उपनिबंधक कार्यालयात नोंदणी लागते. म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचा करार चालतो.

नोंदणी नको, पण लेखी करार हवाच. गृहज्योतीला तो लागतो, गॅस जोडणीला, मुलांच्या शाळेला, बँकेतल्या पत्त्याला लागतो. शिवाय कर्नाटक भाडे कायदा १९९९ हा शहरानुसार २,००० किंवा ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या घरांना लागूच होत नाही. आज एवढ्या भाड्यात घर कुठे मिळतं? म्हणजे बहुतेक भाडेकरूंचे हक्क करारात लिहिलंय तेवढे आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेत तेवढेच. त्या कायद्यानुसार दरमहा भाड्याच्या घरात, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर दोन्ही बाजूंना पंधरा दिवसांची नोटीस पुरते. तुमची मुलं इथल्या शाळेत असतील तर पंधरा दिवस फार थोडे. करारात दोन महिने लिहून घ्या.

९. करार मराठीत केला तर चालतो का? कोल्हापूरहून स्टॅम्प पेपर आणला तर?

पहिल्याचं उत्तर हो. दोघांना समजणाऱ्या भाषेत करार लिहायला कायद्याची आडकाठी नाही. कार्यालयात किंवा कोर्टात दाखवायची वेळ आली तर भाषांतर जोडावं लागेल, एवढंच. मालक कन्नड बोलणारे असतील तर दोन भाषांत समोरासमोर लिहा. आपल्याकडच्या दस्तलेखकांना याची सवय आहे.

दुसऱ्याचं उत्तर नाही. घर कर्नाटकात असेल तर मुद्रांक शुल्कही कर्नाटकालाच द्यावं लागतं. ई-स्टॅम्प इथे सहज मिळतो. बस कागलला जाऊन येईपर्यंत इथे काम होऊनही जाईल.

१०. लाईट-पाण्याचं कलम करारात कसं लिहायचं?

असं काहीतरी, आपल्या आकड्यांसह:

'दरमहा भाड्यात वीज ____ युनिटपर्यंत आणि नगरपालिका/पट्टणपंचायतीच्या नळाचं व बोअरचं पाणी समाविष्ट आहे. त्यापेक्षा जास्त वीज वापरल्यास सब-मीटरच्या नोंदीनुसार त्या महिन्याच्या बिलात पडलेल्या दराने भाडेकरू रक्कम देईल. मालक दरमहा बिलाची प्रत दाखवतील. टँकरचा खर्च ____ करेल. सामायिक मोटर व जिन्यातील दिव्याचा खर्च मालकाकडे राहील. घर देताना सब-मीटरची नोंद ____.'

यातली युनिटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर प्रश्न १५ मधला वाद ठरलेलाच.

११. 'लीजवर घर, भाडं नाही' अशी पाटी बघितली. त्यात लाईट-पाणी कोण भरतं?

इथे बोलीत लीज म्हणजे मोठी रक्कम एकदाच द्यायची, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहायचं आणि जाताना तेवढीच रक्कम परत घ्यायची. लाईट-पाणी अशा घरात बहुधा राहणाऱ्याचं.

इथे मी फार सावध राहायला सांगेन. मुदत वर्षाच्या वर असते, म्हणजे नोंदणी आवश्यक, आणि ती बहुतेक जण खर्च वाचवायला टाळतात. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले तर नोटीस लागते तुम्ही राहता त्या दारावर, आणि तुमचे लाखो रुपये मालकाने केव्हाच खर्च केलेले असतात. बोजा प्रमाणपत्र (घरावर कर्ज-गहाण काही आहे का ते दाखवणारा कागद) काढून बघितल्याशिवाय आणि नोंदणीशिवाय हा व्यवहार करू नका.

१२. आम्ही संकेश्वरला राहतो. हेस्कॉमच्या पोर्टलवर आमचा नंबर सापडत नाही.

कारण तुमची वीज हेस्कॉमची नाही. हुक्केरी तालुक्यात वीज वाटप हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था करते. गृहज्योती तिच्या ग्राहकांनाही आहे. सेवासिंधूच्या अर्जात कंपनी निवडताना हेस्कॉमऐवजी या संस्थेचं नाव निवडा. निपाणी किंवा चिकोडीहून संकेश्वरला घर बदललेले लोक इथेच अडकतात.

१३. मालकांनी बिल थकवलं आणि लाईट तोडली. आम्ही भाडं तर वेळेवर दिलंय.

एकत्र भाड्यातला हा सर्वांत वाईट प्रसंग. वीज कंपनीला तुमचा करार माहीत नाही, तिला खातं दिसतं. मालकांनी भरायची रक्कम त्यांनी भरली नाही आणि तिचा बोजा तुमच्यावर किंवा घरावर पडत असेल, तर ती भरून पुढच्या भाड्यातून वळती करून घेण्याची मुभा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. आधी व्हॉट्सअॅपवर का होईना लेखी कळवा, भरल्याची पावती जपून ठेवा, मग वळती करा.

भांडणातून मालकांनी स्वतःच फ्यूज काढला असेल तर गोष्ट वेगळी. वीज ही मूलभूत गरज असून मालकाची संमती नाही एवढ्या कारणाने भाडेकरूची वीज अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जोडणीसाठी मालकाइतकाच तिथे राहणाराही अर्ज करू शकतो. पण हा रस्ता वकिलाचा आणि वेळखाऊ. गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्या माणसांना घेऊन मालकांकडे जाऊन बसणं बहुतेक वेळा लवकर फळतं. बिघाडाने लाईट गेली असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा.

१४. नोकरी कागलच्या एमआयडीसीत, घर निपाणीत. घरभाडे भत्त्याची सवलत मिळते का?

मिळते. प्राप्तिकर केंद्राचा आहे, मधली सीमा त्याला दिसत नाही. शिनोळीत काम करून बेळगावात राहणाऱ्यांनाही हेच लागू. सवलत जुन्या करपद्धतीतच आहे, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकांचा पॅन द्यावा लागतो. पावतीवर लाईट-पाण्याचा आकडा वेगळा असेल तर सवलतीला फक्त भाड्याचा आकडा धरा.

१५. मालकीणबाई म्हणतात, कूलर आणलात, आता पाचशे जास्त द्या. द्यावे का?

करारात युनिटची मर्यादा असेल तर प्रश्नच नाही, सब-मीटरची नोंद घ्या आणि जादा युनिटचे पैसे द्या. मर्यादा नसेल तर मुदत संपेपर्यंत एकतर्फी वाढ करता येत नाही. पण कूलर खरोखरच वीज खातो, आणि एकाच मीटरमुळे त्यांची गृहज्योती जात असेल तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाचशेचा आकडा मान्य करण्याऐवजी 'काकू, सब-मीटर मी बसवून घेतो, निम्मा खर्च भाड्यात धरा' असं म्हणून बघा.

१६. घर सोडताना काय काय करायचं?

शेवटच्या दिवशी सब-मीटरचा आणि मुख्य मीटरचा फोटो मालकांसमोर काढा. शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येणार, तेवढ्यासाठी अख्खं डिपॉझिट अडकवू देऊ नका; मागच्या तीन बिलांच्या सरासरीएवढी रक्कम त्यांच्याकडे ठेवा, बाकीची त्याच दिवशी घ्या. सिलिंडरचा पत्ता बदला. आणि गृहज्योतीतलं तुमचं आधार त्या मीटरवरून काढून टाका. ते राहिलं तर नव्या घराच्या मीटरला जोडता येणार नाही, आणि तुमच्या जागी येणारं बिऱ्हाड प्रश्न ४ घेऊन तुम्हालाच फोन करेल.